सायरअक्कांच्या माशांचा उपास

भोयाच्या लेकीला मासा शिकवू नये, असं मी जन्मभर सगळ्यांना ऐकवत आले. गिरणेच्या काठी जन्मले, मासळीच्या टोपलीशेजारी वाढले. पाण्यावर नुसता बुडबुडा आला तरी खाली कोण आहे ते सांगायची. आणि तरीही, फैजपूरला काँग्रेस भरली त्याच्या आदल्या सालच्या पोळ्याला माझी जी जिरली, तशी धरणगावात कुणाची जिरली नसेल. सांगते. हसायचं तर हसा, पण मधे बोलायचं नाही.

धरणगावात शांतीलाल शेठचं घर कापसाच्या व्यापाराचं. त्यांच्या आई सायरअक्का, वय बहात्तर, मारवाडातून लग्न होऊन आलेल्या. घरामागे विहीर, विहिरीला लागून दगडी हौद, आणि हौदात मासे. जैनाच्या दारी मासे म्हटल्यावर भुवया उडणारच. पण ते खायचे नव्हेत, वाचवलेले. माझा सासरा टोपली घेऊन बाजाराला निघाला की थोरले शेठ, म्हणजे अक्कांचे यजमान, त्याला वाटेत अडवत, जिवंत मासे घेत आणि हौदात सोडून देत. सासरा बेरकी. बाजारापर्यंत तंगडतोड कशाला करा, म्हणून दर आठवड्याला तो टोपली सरळ शेठच्याच दारात उतरवायला लागला. हौदात मासा मावेना. शेवटी सायरअक्का त्याला म्हणाल्या, "बाबा, आता मासे आणू नकोस, सून आण. मला पाणी भरायला बाई पाहिजे."

अशी मी, भिकुबाई, त्या घरात आले. अट एकच होती, मी मासळी सोडायची. ती मी सोडली. माझा नवरा अभिमन मात्र जाळं सोडेना, म्हणून त्याने फाटकाच्या आत यायचं नाही असं ठरलं. तो रोज मला न्यायला यायचा आणि बाहेर कडुलिंबाखाली बिडी ओढत बसायचा.

त्या घरात पाणी भरणं हे नुसतं पाणी भरणं नव्हतं. हौदातून घागर काढली की दुहेरी फडक्यातून गाळायची. फडक्यात जे राहील, ते डोळ्याला दिसो न दिसो, गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन परत हौदातच सोडायचं. कारण त्यात बारीक जीव असतात, आणि जो जीव जिथून आणला तिथंच पोचवायचा. अक्कांनी मला हे पहिल्या दिवशी सांगितलं आणि मी ते गाठीला बांधलं. त्यांची सून प्रेमकुंवर वहिनी कधी विसरायच्या, मी नाही. उलट मीच वहिनींना टोकायची. कामवालीने मालकिणीला धर्म शिकवायचा, म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा, पण माझा स्वभावच तो.

अक्कांचा एक नेम होता. सकाळी हौदाच्या पायरीवर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, आणि मासे जेवल्यावरच आपण जेवायचं. वीस वर्षांमागे महासतीजींसमोर, म्हणजे त्यांच्या साध्वींसमोर घेतलेला नेम. त्यात एक काणी मासोळी होती, एका डोळ्याची. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि अक्कांच्या बोटांतून गोळी ओढून न्यायची. काणी जेवली की अक्का उठायच्या आणि आत जाऊन पोटभर जेवायच्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी त्यांना जिवंतपणी देव्हाऱ्यात बसवलं. बाईला खायला फार आवडायचं. गट्ट्याची भाजी असली की रस ओरपताना त्यांचे डोळे मिटायचे.

त्या साली पावसाने मधेच ओढ दिली. बैल कोळपणीला शेतावर, म्हणून मोट बंद. हौदाचं पाणी छातीवरून गुडघ्यावर आलं. त्यातच महासतीजी चातुर्मासाला शेजारच्या जैन स्थानकात उतरलेल्या, आणि पर्युषण आलं. पर्युषण म्हणजे जैनांचे आठ दिवसांचे उपास. जामनेरपासून एदलाबादपर्यंतची पाहुणेमंडळी दहा दिवस आधीच घरात जमली. या लोकांना कच्चं पाणी चालत नाही. हंड्यात पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, राख कालवायची, ढवळायचं, निवू द्यायचं आणि वरचं नितळ पाणी प्यायचं. आधी दोन हंडे लागायचे, आता दहा लागायला लागले. टोपल्यांनी राख चाळून माझ्या बोटांची सालं निघाली. रोज कुरकुर करायची आणि रोज करायची.

पर्युषणाच्या पहिल्या सकाळी अक्का पायरीवर बसल्या, गोळी धरली, आणि कुणीच आलं नाही.

मासे होते, पण ते मासे राहिले नव्हते. एक तिरका होऊन गोल गोल फिरत होता, लग्नातल्या प्यालेल्या मामासारखा. दोघं शेपटीवर उभे राहून तोंड वर काढून आ वासत होते. एक पोट वर करून जायचा, मधेच आठवण झाल्यासारखा सुलटा व्हायचा, आणि भिंतीवर जाऊन आपटायचा. काणी तर उलटी पोहत होती. गोळ्या पाण्यावर फुगून बसल्या. अक्कांनी तासभर वाट पाहिली, हात जोडले आणि न जेवता उठल्या.

दुसरं कुठलं घर असतं तर म्हणाले असते, मासे आजारी पडले. पण पर्युषण लागलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणीतरी म्हणालं, "माशांनी उपास धरला." झालं. दुपारपर्यंत अख्ख्या पेठेत झालं की सायरबाईंच्या हौदातल्या मासळीने आठ दिवसांची अठ्ठाई केली. संध्याकाळी दर्शनाला रांग. मासे वाकडे फिरले की लोक म्हणत प्रदक्षिणा घालतात. तोंड वर काढलं की म्हणत नामस्मरण चाललंय. एक म्हातारी तर पोट वर केलेल्या माशाला बघून म्हणाली, "समाधी लागली." मी घागर घेऊन मधेच उभी. हसू येत होतं आणि रागही येत होता. एका पाहुण्याला मी म्हटलं, "बाजूला व्हा, समाधीवाल्याला वारा येऊ द्या." त्याने खरंच उपरण्याने वारा घातला.

प्रेमकुंवर वहिनी वेगळ्याच आनंदात. "भिकुबाई, या दिवसांत वरण कसं चुटकीसरशी शिजतं बघा. डाळ नुसती विरघळते. सगळा तपाचा प्रताप." मी मान डोलावली. काय करणार, उपास मोडणाऱ्यांना वरण छान लागत होतं.

आणि सायरअक्का? त्यांच्या वैद्यांनी त्या साली उपास करायला साफ मनाई केलेली. एक वेळ जेवायचं, इतकंच ठरलेलं. पण मासे खाईनात, म्हणून अक्का खाईनात, आणि लोक म्हणायला लागले की अक्कांनीही अठ्ठाई मांडली. शांतीलाल शेठ आईच्या पाया पडले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आई, या वयात." आठव्या दिवशी मिरवणूक काढायची म्हणून जळगावच्या बँडवाल्यांना निरोपही गेला. आता बिचारीने बोलावं तरी काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अक्कांनी डोळे न उघडताच म्हटलं, "भिकू, मला भूक लागलीय."

बहात्तर वर्षांची बाई, घरात धान्याची कोठारं, आणि लेकरासारखी मला सांगतेय. मी म्हटलं, "अक्का, मी गुपचूप खिचडी आणते. कुणाला कळायचं नाही." त्या म्हणाल्या, "मला कळेल ना." आणि वर हसल्या. मला त्यांचा इतका राग आला की चेपता चेपता पाय जरा जोरातच दाबला गेला.

मी चोर शोधायला लागले. मासे उपास करत नाहीत, एवढं भोयाच्या लेकीला कळतं. पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकलंय. धोब्याला झाडलं. तो म्हणाला, महिनाभर मी हौदाकडे फिरकलो नाही. वहिनींच्या साबणाच्या वड्या मोजल्या. नीळ घातलेले कपडे कुठे खळबळले का, ते पाहिलं. लोटनला, म्हणजे मोट हाकणाऱ्या गड्याला, इतकं फैलावर घेतलं की तो जेवण टाकून बैलांकडे जाऊन बसला. धरणगावात माझ्या तोंडून सुटला असा एकच माणूस होता, आणि तो कोण ते पुढे कळलंच.

तिसरा दिवस पोळ्याचा. सकाळी अक्का पायरीवर जायला उठल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. ओठ पांढरे पडलेले. आम्ही त्यांची बाज हौदाजवळ आणून ठेवली. त्यांनी गोळी धरली, ती निसटून पाण्यात पडली. काणी तिच्या शेजारून उलटी निघून गेली.

मी घागर तिथंच टाकली, फाटकाबाहेर गेले आणि लिंबाखालून अभिमनला दंडाला धरून उठवलं. "चल आत." तो म्हणाला, "माले आत येवानी बंदी शे." मी म्हटलं, "बंदी घालणारी मरायला टेकलीय. चल."

पर्युषणात मासेमाऱ्याला हौदापर्यंत आणलेलं पाहून पाहुण्यांत गिल्ला झाला. शांतीलाल शेठ आडवे आले. म्हणाले, "भिकुबाई, आजच्या दिवशी? हा रोज जीव मारतो."

बाजेवरून अक्कांचा आवाज आला. अगदी बारीक. "शांती, येऊ दे त्याला. पाच दिवसांनी मी मुंगीचीही क्षमा मागणार, आणि माणसाला वीस वर्षं फाटकाबाहेर बसवलंय."

शेठ बाजूला झाले. अभिमनने चपला काढल्या, मुंडाशाचं टोक सोडून हात पुसले आणि काणीला अलगद ओंजळीत घेतलं. इतकं हळुवार त्याने मला कधी धरलं नव्हतं. नखाने तिचा कल्ला उचलला. आतला भाग लालभडक, सोललेला, वर पांढरट चिकट साय. "हाऊ कल्ला म्हणजे मासानं नाक," तो लोकांना म्हणाला. "नाक भरनं. दम घेवाले जमत नही, तर पोहई कशी?" त्याने तिला पाण्यात सोडलं, पाणी बोटांत चोळलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"हाई उपास नही. पाणीमा खार शे."

मीही बोटं बुडवली. पाणी बुळबुळीत. पापडखार पाण्यात कालवल्यावर लागतं तसं. माझं टाळकं सणकलं. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. कोण तो मेला, कुणी एवढा खार ओतला, आज मी त्याचा हात धरून शेठसमोर उभा करते.

अभिमनने माझाच हात धरला. सालं निघालेली बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि हळूच विचारलं, "तुना हातले काय व्हयनं?"

आणि मग मला कळलं.

राखेच्या हंड्यांच्या तळाशी जो गाळ राहायचा, तो लिंबाच्या आळ्यात टाका असं वहिनींनी मला आषाढातच सांगितलं होतं. पण मी शहाणी. मी म्हटलं, पाणी हौदातलं, त्यातले जीव हौदातले, मग ते आळ्यात का मरावे? जिथून आणलं तिथं पोचवायचं. वहिनींना धर्म कळत नाही, मला कळतो. म्हणून रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, दहा हंड्यांचा राखेचा रबडा मी थेंबही न सांडता, प्रेमाने, हौदात सोडत होते. वर हात जोडत होते. पुण्य लागावं म्हणून कुणाला सांगतही नव्हते.

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. लोटनकडे बघून सांगितलं, धोबी नव्हता म्हणून त्याच्या नावाने सांगितलं. मग प्रेमकुंवर वहिनी म्हणाल्या, "म्हणून वरण तसं शिजत होतं." आणि तोंडावर पदर घेऊन ज्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. त्यांचं बघून दोन पाहुण्या हसल्या. समाधीला वारा घालणारा तर मटकन खालीच बसला. मी रडत होते आणि सगळं अंगण हसत होतं, आणि बाजेवर अक्काही हसत होत्या, पोटात काही नसताना.

मी डोळे पुसून म्हटलं, "खाराला आंबट मारतं. चिंच ओतू का मणभर?" अभिमन म्हणाला, एकदम उलटं केलं तर आहेत तेही मरतील. जुनं पाणी खालच्या मोरीने हळूहळू सोडायचं आणि विहिरीचं ताजं हळूहळू घालायचं. मोट जुंपायची, दुसरा इलाज नाही.

मोट जुंपायची, पण कशी? "आज पोळा शे," लोटन म्हणाला. "आज बैलले जू नही." बैल दारात उभेच होते. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. वर्षातून एकच दिवस त्यांचा, तो कोण मोडणार? आणि घागरीने ओढलं असतं तर दिवाळी उजाडली असती. इकडे सूर्य कलायला लागलेला. सूर्य बुडाला की अक्का काही तोंडात घालणार नाहीत, म्हणजे आणखी एक रात्र. ती रात्र निघेल असं मला वाटत नव्हतं. शेठनाही वाटत नव्हतं, त्यांचं तोंड मी पाहिलं.

शांतीलाल शेठनी डोक्यावरची पगडी काढून माझ्या हातात दिली. कोट काढून बायकोकडे दिला. विहिरीपाशी गेले, मोटेचा नाडा उचलला आणि खांद्यावर घेतला. "बैलांचा सण आहे," ते म्हणाले, "माझा नाही."

मग काय विचारता. दर्शनाला आलेले सगळे धोतरं खोचून धावले. एका बाजूला शेठ धरून चार कापूसवाले, दुसऱ्या बाजूला तीन पाहुणे आणि अभिमन. मोट भरली की हे आठजण धावेच्या उतारावरून पळत खाली जायचे, वर थारोळ्यात पाणी धबाधबा पडायचं, तिथून पाटाने हौदात. मग उलट्या पावली वर. लोटन हाकायला उभा. दोन फेऱ्या तो बिचारा शेठना "चला साहेब" म्हणाला. तिसऱ्या फेरीला सवय जिभेवर आली आणि त्याने खणखणीत आवाजात सोडलं, "चल रे माझ्या राजा, ओढ." शेठ मुकाट्याने ओढत सुटले. बैल पुरणपोळी चघळत बघत उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काम बघायला मिळत होतं.

मी हौदाशी. मोरीवर बोळा धरून जुनं पाणी बेताने सोडत होते, बोट बुडवून बुळबुळ गेली का बघत होते. वीस मोटा झाल्या, तीस झाल्या. पाटाचं पाणी जिथं पडत होतं तिथं आधी एक मासा गेला. मग दोन. धारेकडे तोंड करून, कल्ले उघडे टाकून नुसते उभे. अजून झोकांड्या होत्या, पण धारेसमोर ते स्वतःला सावरायला बघत होते. दिवस हातभर उरला तेव्हा काणी सुलटी झाली. वाकडी तिकडी, तोल सावरत, पण सुलटी. धारेवर चढली, मागे ढकलली गेली, परत चढली. मी ओरडले नाही. ओरडले असते तर रडले असते.

अक्कांनी गोळी धरली. मी त्यांचं मनगट धरलं, कारण ते आता वर राहत नव्हतं. काणी पायरीपाशी आली. थांबली. गेली. परत आली, आणि बोटांतून गोळी ओढून घेतली.

सूर्य लिंबाच्या शेंड्याला लागलेला. वहिनी वाटी घेऊन धावत आल्या. अक्कांनी चार घास मऊ खिचडी खाल्ली, डोळे मिटून. धावेवर आठ बैल चिखलात बसून बघत होते. पाचवा घास घेऊन अक्का मला म्हणाल्या, "वरण मात्र चांगलं व्हायचं गं."

आठव्या दिवशी त्यांची संवत्सरी. त्या दिवशी वर्षभराच्या चुकांची सगळ्यांपाशी क्षमा मागतात. बँडवाल्यांना परत जा म्हणायला कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं, तेव्हा ते आले आणि हौदापुढेच वाजवत उभे राहिले. अक्का आधी माशांपुढे हात जोडून बसल्या. मग अभिमनपुढे. तो इतका लाजला की त्याने बैलासारखी मान खाली घातली. मग माझ्याकडे वळल्या. मी मागे सरले. म्हटलं, "अक्का, चूक माझी."

"राख तुझी," त्या म्हणाल्या. "पण माझी भूक त्या मुक्या जीवांच्या गळ्यात मी बांधली होती. मी महासतीजींकडून नेम बदलून घेतलाय. आता आधी तू जेवायचं. मग मी."

मला वाटलं, चला, सुटले. तेव्हा कळलं नाही, कुठल्या फासात मान दिली. त्याआधी मी दुपारी तीनला उभ्या उभ्या शिळा तुकडा खायची. आता दहा वाजता ताट. समोर बहात्तर वर्षांची बाई, माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. अभिमनशी भांडले की जेवण टाकायचं, हे माझं एकच हत्यार होतं, तेही गेलं. एकादशी गेली, रुसवा गेला. मी त्यांना म्हटलं, "अक्का, हे बरं आहे का? मी काय मासोळी आहे?" त्या म्हणाल्या, "काणी कधी इतकी कटकट करत नव्हती."

पुढल्या साली मार्गशीर्षात मला हिवताप भरला. चार दिवस मी भोईवाड्यात घोंगडीखाली पडून. अन्नाचा वास नको वाटायचा, तोंडात कण गेला नव्हता. पाचव्या दिवशी दुपारी बाहेर ओट्यावर काठी वाजली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात भोईवाड्याची वाट तुडवली नव्हती, ती जाळी वाळत घातलेल्या गल्लीतून चालत आली होती. ओट्यावर बसून धापा टाकत होती. ओठ पांढरे. अभिमन अंग चोरून दाराशी उभा.

"भिकू," त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीय."

मी उठले, चुलीपाशी बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला.